चाकातील हवा आणि तिचा पहारेकरी

वाहनकर्जाच्या कागदपत्रांवर सह्या करून नव्या मोटारीच्या किल्ल्या हाती घेणारा ग्राहक आम्हां बँक अधिकाऱ्यांच्या नित्य परिचयाचा असतो. त्याने व्याजदराची चौकशी बारकाईने केलेली असते, विम्याच्या अटी वाचलेल्या असतात आणि एका लिटरमध्ये गाडी किती धावते हे तर त्याला तोंडपाठच असते. चाकांत हवा किती भरायची, हा प्रश्न मात्र त्याने बहुधा कोणालाही विचारलेला नसतो. वास्तविक त्याचे उत्तर चालकाच्या दाराजवळील खांबावर एका लहानशा कागदी पट्टीवर छापून चिकटवलेले असते. परंतु त्या पट्टीकडे नजर जावी असा प्रसंग सहसा येत नाही. आणि मग एखाद्या सकाळी वेगमापकाशेजारी एक पिवळा दिवा लागतो. घोड्याच्या नालेसारखी आकृती, तळाशी दाते आणि मधोमध उद्गारचिन्ह. त्या चिन्हाचा अर्थ कळेपर्यंत गाडी आणखी चार-सहा दिवस तशीच धावत राहते.

टायरमधील हवेचा दाब सतत मोजणारी ही यंत्रणा गेल्या काही वर्षांत आपल्याकडील मध्यम किमतीच्या मोटारींतही दिसू लागली आहे. ती काम कशी करते, तिच्यावर विसंबावे किती, आणि ज्या इवल्याशा व्हॉल्व्हमधून हवा आत जाते त्यातूनच ती हळूहळू बाहेर येऊ लागली तर काय करावे, हे समजून घेण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

पोस्टकार्डाएवढी जमीन

गाडीचे वजन टायरचे रबर पेलते अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात ते मुख्यतः आतील कोंडलेली हवा पेलते. साधा हिशेब करून पाहू. माणसांसह बाराशे किलो वजनाच्या गाडीच्या प्रत्येक चाकावर साधारण तीनशे किलो भार येतो. चाकात ३३ पीएसआय हवा असेल, तर तिचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.३ किलो होतो. तीनशेला २.३ ने भागले की उत्तर येते १३० चौरस सेंटिमीटर. म्हणजे एका चाकाचा जमिनीशी संबंध येतो तो जवळजवळ एका पोस्टकार्डाएवढ्या जागेपुरता! ब्रेक लावणे, वळणे, पावसात न घसरणे, हे सारे या चार पोस्टकार्डांवर चालते.

हवा कमी झाली की भार तोच राहतो, म्हणून टायर बसतो आणि ही जागा वाढते. जागा वाढली म्हणजे पकड वाढली, असा सोयीस्कर निष्कर्ष कोणी काढू नये. टायरच्या बाजूच्या भिंती प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकतात आणि पुन्हा सरळ होतात. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मोटारीचे चाक सेकंदाला चौदा-पंधरा वेळा फिरते. लोखंडी तार हातात धरून पुनःपुन्हा वाकवली की ती गरम होते आणि अखेर तुटते; टायरच्या भिंतीतील धाग्यांची अवस्था काहीशी तशीच होते. बाहेर मे महिन्याचे ऊन, खाली तापलेले काँक्रीट, मागे भरलेली डिकी आणि चाकात आठ-दहा पीएसआय हवा कमी. टायर फुटण्यासाठी याहून अधिक काही लागत नाही. आश्चर्य वाटेल, परंतु लांबच्या प्रवासात जास्त हवेपेक्षा कमी हवा अधिक घातक ठरते.

नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग २०२२ च्या डिसेंबरमध्ये टप्प्याटप्प्याने खुला होऊ लागला आणि जून २०२५ मध्ये पूर्ण झाला. मधल्या काळात तेथे टायर फुटून झालेल्या अपघातांची चर्चा वृत्तपत्रांतून बरीच झाली, आणि परिवहन खात्याने महामार्गाच्या प्रवेशाशी गाड्यांचे टायर तपासण्याची मोहीमही घेतली. गावातल्या रस्त्यावर जो टायर वर्षभर निमूटपणे साथ देतो, तोच तासन्‌तास एका वेगाने पळवला की आपले गुपित उघड करतो.

कायदा कसा आला

मोटारीनेच चाकातील दाब मोजावा ही कल्पना पोर्शे ९५९ या उंची गाडीत १९८६ साली प्रत्यक्षात आली होती. पण ती श्रीमंतांची हौस होती. सामान्य गाड्यांत ती येण्याचे कारण अमेरिकेतील एक मोठी दुर्घटनामालिका आहे. फोर्ड एक्सप्लोरर या गाड्यांना बसवलेल्या फायरस्टोन टायरांची धावपट्टी वेगात असताना सुटून येई आणि गाडी उलटे. दोनशेहून अधिक माणसे त्यात दगावली. ऑगस्ट २००० मध्ये लक्षावधी टायर परत मागवण्यात आले. टायर कंपनीने गाडीकडे बोट दाखवले आणि गाडीच्या कंपनीने टायरकडे. या वादात एक मुद्दा हवेच्या दाबाचाही होता. गाडीच्या कंपनीने २६ पीएसआय दाबाची शिफारस केली होती, तर टायर कंपनीचे म्हणणे ३० असावा असे पडले. चार पीएसआयचा फरक, तोही उन्हाळ्यात, भरलेल्या गाडीखाली!

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेने कायदा केला आणि सप्टेंबर २००७ पासून तेथील प्रत्येक नव्या हलक्या वाहनात ही यंत्रणा सक्तीची झाली. युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून सर्व नव्या मोटारींना ती लागू झाली. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२० मध्ये झालेली दुरुस्ती वेगळ्या वळणाची आहे. तिने यंत्रणा सक्तीची केली नाही. मात्र ज्या लहान प्रवासी वाहनात दाबदर्शक यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असेल, त्यात स्टेपनी नसली तरी चालेल अशी मुभा दिली. तेव्हा नवी गाडी घेताना डिकीचा तळ उचलून आत स्टेपनी आहे की नुसता लहान पंप आणि द्रवाची बाटली आहे, हे ग्राहकाने स्वतः पाहून घ्यावे. विक्रेता ते आपण होऊन सांगेलच असे नाही.

दोन प्रकारचे पहारेकरी

या यंत्रणेचे दोन प्रकार आहेत आणि आपल्या गाडीत कोणता आहे हे माहीत असणे अगत्याचे आहे, कारण दोघांचे स्वभाव भिन्न आहेत.

पहिला प्रकार थेट मोजणारा. प्रत्येक चाकाच्या आत, व्हॉल्व्हच्याच बुडाशी, आगपेटीहून लहान अशी एक डबी बसवलेली असते. तिच्यात सिलिकॉनचा अतिशय पातळ पडदा असतो. हवेच्या दाबाने तो किंचित वाकतो आणि वाकल्यामुळे त्याचा विद्युतरोध बदलतो. सिलिकॉनचा हा गुणधर्म १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत चार्ल्स स्मिथ या संशोधकाने दाखवून दिला. आज तो आपल्या चाकात फिरतो आहे. रोधातील बदलावरून दाब समजतो, शेजारचा दुसरा घटक तापमान मोजतो आणि ही माहिती रेडिओलहरींनी गाडीतील ग्राहकयंत्राकडे जाते. आपल्याकडे आणि युरोपात यासाठी ४३३ मेगाहर्ट्‌झच्या आसपासची लहर वापरली जाते, अमेरिकेत ३१५ ची. प्रत्येक डबीला स्वतःचा क्रमांक असतो. शेजारच्या गाडीचे चाक आपल्या गाडीत बोलू लागत नाही, याचे श्रेय त्या क्रमांकाला. आम्ही बँकेत खातेक्रमांकाला जे महत्त्व देतो तेच येथे आहे.

डबीत एक लिथियमची बॅटरी असते. ती वाचवण्यासाठी सेन्सर गाडी उभी असताना झोपतो. चाक फिरू लागले की आतील गतिमापक त्याला जागे करतो आणि मग तो थोड्याथोड्या वेळाने संदेश पाठवतो. दाब एकाएकी उतरू लागला तर मात्र तो पाळीची वाट न पाहता तत्काळ कळवतो. ही बॅटरी पाच ते दहा वर्षे टिकते आणि ती बदलता येत नाही, कारण ओल व धक्के यांपासून रक्षण व्हावे म्हणून सगळी डबी राळेसारख्या पदार्थाने भरून बंद केलेली असते. बॅटरी संपली की सेन्सरच नवा घ्यावा लागतो. जुनी मोटार विकत घेणाऱ्याने हा खर्च हिशेबात धरलेला बरा.

दुसरा प्रकार अप्रत्यक्ष. यात चाकात काहीच नसते. ब्रेक लावताना चाक घसरू नये म्हणून असणाऱ्या एबीएस यंत्रणेसाठी प्रत्येक चाकाची फिरण्याची गती आधीपासूनच मोजली जात असते. हवा कमी झालेले चाक किंचित लहान होते आणि तेवढेच अंतर कापण्यासाठी त्याला इतरांपेक्षा थोडे अधिक फिरावे लागते. गाडीतील संगणक हा फरक टिपतो. अलीकडच्या यंत्रणा चाकाच्या कंपनांचाही विचार करतात. कल्पना चतुर आहे आणि स्वस्तही. परंतु तिला दाबाचा आकडा कधीच कळत नसतो. तिला कळते ती केवळ तुलना. चारही चाकांची हवा सारखीच उतरली, तर जुन्या धाटणीच्या अशा यंत्रणेला ते उमगत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हवा भरल्यावर तिला 'हा दाब योग्य समज' असे बटण दाबून सांगावे लागते. दिवा त्रास देतो म्हणून हवा न भरताच ते बटण दाबणारे महाभाग आहेत. यंत्र आज्ञाधारकपणे कमी दाबालाच योग्य मानते, दिवा विझतो, आणि पहारेकऱ्याला झोपेचे औषध दिल्याचे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

पडद्यावर प्रत्येक चाकाचा आकडा स्वतंत्र दिसत असेल तर आपली यंत्रणा थेट प्रकारची आहे असे समजावे. काही गाड्यांत तो आकडा किलोपास्कलमध्ये असतो. २३० किलोपास्कल म्हणजे साधारण ३३ पीएसआय.

दिवा काय सांगत नाही

अमेरिकन नियमानुसार शिफारस केलेल्या दाबाच्या २५ टक्के हवा कमी झाली की दिवा लागलाच पाहिजे. युरोपीय नियम २० टक्क्यांचा आहे. आता ३३ पीएसआयच्या चाकाचा विचार करा. त्याचे २५ टक्के म्हणजे आठहून अधिक. दिवा लागतो तेव्हा चाकात जेमतेम पंचवीस उरलेली असते! म्हणजे तेहतीसपासून पंचवीसपर्यंतचा सगळा काळ आपण 'दिवा नाही, म्हणजे सर्व ठीक' या समाधानात घालवलेला असतो. दिवा हा शेवटचा इशारा आहे, दाबमापक नव्हे. माझ्या मते या यंत्रणेचा सर्वांत मोठा दोष तिच्यात नसून तिने आपल्याला दिलेल्या निश्चिंतपणात आहे. पूर्वी पेट्रोल भरताना 'हवा बघ रे' असे सांगणारे गृहस्थ आता दिव्याची वाट पाहतात.

दुसरी गोष्ट तापमानाची. बंदिस्त हवेचा दाब तापमानाबरोबर वाढतो आणि घटतो. दुपारी तीस अंशांत ३३ पीएसआय भरलेले चाक पहाटे दहा अंशांत ३० दाखवते, आणि त्यात कोठेही गळती नसते. दर सहा-साडेसहा अंशांना साधारण एक पीएसआय, असे प्रमाण लक्षात ठेवावे. दिल्ली, भोपाळ किंवा इंदूर येथील आपल्या वाचकांना डिसेंबरच्या पहाटे दिवा लागतो आणि दहा किलोमीटर गेल्यावर तो आपोआप विझतो, याचे कारण हेच. त्याचा अर्थ दिवा खोटा बोलला असा मात्र नव्हे. हवा काठावर आहे आणि थंडीने ती उघडी पाडली, असा आहे.

उलट बाजूने, शंभर किलोमीटर धावून आलेल्या चाकात चार-पाच पीएसआय जास्त दिसतात. ती हवा कोणीही सोडून देऊ नये. पट्टीवर छापलेला आकडा थंड टायरचा असतो, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असताना किंवा फार तर दोन-तीन किलोमीटर चाललेली असताना. उंचीचाही थोडा परिणाम होतो. मुंबईहून महाबळेश्वरला गेल्यावर बाहेरच्या हवेचा दाब दोनेक पीएसआयने घटतो आणि म्हणून मापकावर चाकाचा दाब तेवढाच चढलेला दिसतो. पण वरची थंडी त्याला पुन्हा खाली ओढते, त्यामुळे व्यवहारात फारसे काही करावे लागत नाही.

दिवा स्थिर न राहता सुरुवातीला मिनिटभर लुकलुकून मग स्थिर होत असेल, तर तो हवा कमी असल्याचा नसून यंत्रणाच बिघडल्याचा संकेत असतो. बॅटरी संपलेला सेन्सर किंवा सेन्सर नसलेली स्टेपनी बसवलेली असणे ही त्याची नेहमीची कारणे.

गळका व्हॉल्व्ह

चांगल्या ट्यूबलेस टायरमधूनही महिन्याला एक-दीड पीएसआय हवा झिरपते; रबराचा तो स्वभावच आहे. नायट्रोजन भरल्याने हे झिरपणे कमी होते हे खरे, पण किती? अमेरिकेतील कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहक नियतकालिकाने २००७ साली ३१ प्रकारच्या टायरांवर वर्षभर केलेल्या चाचणीत तीस पीएसआय भरलेल्या टायरांची साधी हवा सरासरी साडेतीन पीएसआयने उतरली, तर नायट्रोजन २.२ ने. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजन असतोच. पैसे देऊन नायट्रोजन भरावा की पेट्रोल पंपावरील विनामूल्य हवा दर पंधरवड्याला तपासावी, हे ज्याने त्याने ठरवावे. माझा कौल दुसऱ्या पर्यायाला आहे.

परंतु एकच चाक इतर तिघांपेक्षा लवकर बसत असेल, तर मात्र ते झिरपणे नव्हे. खिळा नसेल तर संशय व्हॉल्व्हवर घ्यावा.

आमचे एक ज्येष्ठ सहकारी बदलीनिमित्त हैदराबादला असतात. त्यांच्या जुन्या गाडीत ही यंत्रणा नव्हती, म्हणून त्यांनी बाजारात मिळणारे, व्हॉल्व्हच्या टोपणाच्या जागी फिरवून बसवायचे चार सेन्सर हौसेने घेतले. महिन्याभरात उजव्या मागच्या चाकाचा इशारा तीनदा आला. तिन्ही वेळा हवा भरली गेली. एकाने पंक्चर शोधले, सापडले नाही. दिवाळीला कुटुंबासह सोलापूरकडे येताना हुमनाबादजवळ इशारा चौथ्यांदा वाजला. महामार्गावर पंक्चर काढणारी केरळी मंडळी आपल्याला ठिकठिकाणी भेटतात, तसाच एक कारागीर तेथे होता. त्याने टोपणाचा सेन्सर काढला, बोटाने थुंकी व्हॉल्व्हच्या तोंडाशी लावली, बुडबुडा नाही. मग त्याने व्हॉल्व्हची रबरी नळी अंगठ्याने एका बाजूस वाकवली आणि मुळाशी साबणाचे पाणी सोडले. बारीक फेस उसळू लागला. नळी मुळाशी चिरली होती. टायर रिमवरून उतरवल्यावर आत काळी भुकटी मूठभर निघाली. कमी हवेवर धावल्याने आतील रबर घासून त्याचा तो भुगा झालेला. बाहेरून नक्षी नव्यासारखी होती, पण कारागिराने तो टायर पुन्हा चढवण्यास साफ नकार दिला आणि स्टेपनी बसवून दिली. गाडीत पाच माणसे होती आणि पुढचा सगळा रस्ता मोकळा होता.

येथे दोष कशाचा, हे समजण्यासाठी एक छोटे गणित पुरेसे आहे. टोपणाचा सेन्सर सुमारे दहा ग्रॅमचा धरू. ताशी १०० किलोमीटर वेगाने फिरणाऱ्या चाकात मध्यापासून वीस सेंटिमीटरवर असलेली वस्तू आपल्या वजनाच्या पावणेदोनशे पट जोराने बाहेर ओढली जाते. दहा ग्रॅम म्हणजे पावणेदोन किलो! उन्हाने कडक झालेल्या रबरी नळीच्या टोकाला पावणेदोन किलोचा भार टांगून ती तासन्‌तास वाकलेली ठेवली तर ती मुळाशी चिरणारच. शिवाय हा सेन्सर व्हॉल्व्हची पिन आत दाबून धरतो, तेव्हाच त्याला दाब समजतो. म्हणजे मूळ झडप उघडी राहते आणि हवा अडवण्याचे काम सेन्सरच्या आतील वायसरवर येऊन पडते. ज्यांना हे सेन्सर बसवायचेच असतील त्यांनी आधी रबरी व्हॉल्व्ह काढून धातूचे, नटाने घट्ट होणारे व्हॉल्व्ह बसवून घ्यावेत.

व्हॉल्व्हची रचना अत्यंत साधी आहे. न्यूयॉर्कमधील श्रेडर पितापुत्रांच्या कारखान्यातून आलेला, १८९३ सालच्या पेटंटचा हा शोध सव्वाशेहून अधिक वर्षे जवळजवळ त्याच रूपात टिकून आहे. आपल्या लहानपणीच्या सायकलीत असे ती पिवळसर रबराची व्हॉल्व्हट्यूब; मोटारीत तिच्याऐवजी स्प्रिंगची पिन असते. नळीच्या आत आटे पाडलेले असतात, त्यात ही पिन फिरवून बसवतात. स्प्रिंग आणि आतील हवा दोन्ही मिळून तिचा वायसर वर दाबून धरतात. हवा भरताना पंपाचे तोंड पिन दाबते, एरवी ती बंद. वायसरखाली वाळूचा एक कण अडकला तरी हवा निसटू लागते. टोपण आवश्यक आहे ते एवढ्यासाठीच. टोपण हरवलेल्या व्हॉल्व्हला कोणी दागिना हरवल्यासारखे मानत नाही, पण मानायला हवे.

तपासणीची रीत सोपी आहे. टोपण काढून व्हॉल्व्हच्या तोंडावर साबणाच्या पाण्याचा थेंब ठेवावा. थेंब फुगू लागला तर दोष पिनेत आहे. पिन फिरवण्याची छोटी चावी टायरच्या दुकानात नाममात्र किमतीत मिळते. तिने पिन उजवीकडे अलगद आवळून पाहावी. दोन बोटांचा जोर पुरे, अधिक जोर लावल्यास वायसर चेपतो. तरीही थेंब फुगत राहिला तर पिन बदलावी. त्यासाठी गाडी सपाट जागी उभी करून, हातब्रेक लावून ते चाक आधी जॅकवर उचलावे, कारण पिन काढताच सगळी हवा जाणार आणि बसलेल्या टायरवर गाडीचा भार राहणे बरे नव्हे. पिन सुटताना हवेच्या जोराने गोळीसारखी उडते, म्हणून चेहरा बाजूला ठेवावा. नवी पिन बसवून हवा भरावी, पुन्हा थेंब ठेवून पाहावा आणि टोपण लावावे. सारे काम पंधरा मिनिटांचे आहे.

थेंब तोंडाशी फुगला नाही, पण नळी वाकवल्यावर मुळाशी फेस आला, तर घरगुती उपाय संपले. तेथे डिंक, सोल्युशन, एम-सील यांपैकी काहीही लावू नये. चीर उघडी-बंद होत राहते आणि महामार्गावर ती एकदम उघडली तर चाक काही क्षणांत बसते. नळी नवी घालावी लागते. त्यासाठी टायर रिमपासून एका बाजूने सोडवतात, जुनी नळी कापून काढतात, भोकाची कड साफ करतात आणि नवी नळी साबणाचे पाणी लावून ओढून बसवतात. नळी स्वस्त, मजुरी थोडी. म्हणूनच नवे टायर घेताना चारही व्हॉल्व्ह नवेच बसवण्याचा आग्रह धरावा. टायर पाच वर्षे वापरायचा आणि त्याच्या तोंडाशी दहा वर्षांचे रबर ठेवायचे, हा व्यवहार कोणत्याही हिशेबात बसत नाही.

चाकात मूळ कंपनीचा सेन्सर असेल तर दोन-तीन पथ्ये अधिक. टायरवाल्याला काम सुरू होण्यापूर्वीच आत सेन्सर असल्याचे सांगावे. यंत्रावर टायर उतरवताना त्याची कड डबीवर आली तर ती फुटते, आणि भुर्दंड हजारांत जातो. अशा व्हॉल्व्हची नळी बऱ्याचदा ॲल्युमिनियमची असते. तिच्यात साधी पितळी पिन किंवा तिच्यावर पितळी शोभेचे टोपण बसवले, तर पावसाळ्याच्या ओलीत दोन धातूंची रासायनिक क्रिया होऊन ते एकमेकांना चिकटतात. पुढे पिन काढताना नळीच तुटते आणि सेन्सर निकामी होतो. तेथे निकेलचा मुलामा दिलेली रुपेरी पिनच वापरावी आणि टोपण प्लॅस्टिकचे. मुंबई, कोकण, गोवा येथील वाचकांना खाऱ्या हवेमुळे याची विशेष झळ पोहोचते. सेन्सरच्या बुडाचा रबरी वायसर एकदा दाबला गेला की त्याचा आकार तसाच राहतो. टायर बदलताना तो, नट, पिन आणि टोपण यांचा संच नवा घ्यावा. नट ठरवून दिलेल्या जोरानेच आवळायचा असतो, हातोडा मारून किंवा पान्ह्यावर पाय देऊन नव्हे.

मी स्वतः गाडीत एक साधा दाबमापक आणि एक लहान वही ठेवतो. पंपापंपांवरील मापकांत दोन-तीन पीएसआयचा फरक सहज आढळतो. आपला एकच मापक असला की निदान तुलना खरी होते. वहीत चार रकाने, प्रत्येक चाकाचा एक. खतावणी लिहिण्याची सवय असलेल्या माणसाला यात कष्ट नाहीत. एखादा रकाना इतरांपासून फुटू लागला की दिवा लागण्यापूर्वी दोन आठवडे ते कळते. इंधनाची बचत हा यातला लहान लाभ आहे. चारही चाकांत सरासरी एक पीएसआय हवा कमी असेल तर इंधनाचा खर्च सुमारे ०.२ टक्क्यांनी वाढतो, असा अमेरिकी ऊर्जा खात्याचा आकडा आहे. पाच पीएसआयला एक टक्का. टायरचे आयुष्य जे घटते ते याहून महाग पडते.

राहता राहिली स्टेपनी. बहुतेक गाड्यांत तिच्यात सेन्सर नसतो, त्यामुळे तिची हवा उतरल्याचे कोणताही दिवा सांगत नाही. डिकीत सामानाखाली पडून तिच्यातीलही एक-दीड पीएसआय दर महिन्याला कमी होत असते. तिच्यात छापील आकड्यापेक्षा तीन-चार पीएसआय अधिक भरून ठेवावी. वापरायची वेळ आली की जास्तीची सोडता येते, रानात उभे राहून कमी असलेली भरता येत नाही. ज्यांच्या गाडीत स्टेपनीऐवजी द्रवाची बाटली आहे, त्यांनी बाटलीवरील मुदतीची तारीख आजच पाहावी. तो द्रव एकदा वापरला तर टायरवाल्याला तसे सांगून चाक आतून धुऊन घ्यावे, नाहीतर वाळलेला चीक सेन्सरचे छिद्र बुजवतो आणि चाक भरलेले असूनही दिवा लागलेलाच राहतो.